नाथाचा नगारा माणसाच्या हाती परत द्या

आमच्या गावच्या भैरवनाथ देवस्थानचे अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त यांस,

स. न. वि. वि.

हे सगळं मी तुमच्या ओट्यावर येऊन बोलू शकले असते. तुमच्यातले दोघे माझे चुलत दीर. एकाच्या दोन्ही लेकरांनी माझ्या अंगणवाडीत पाटीवर पहिली अक्षरं गिरवली. बोललेही आहे मी, दोनदा. एकदा माघात, मामंजींचा तेरावा झाल्यावर, आणि एकदा चैत्रात, यात्रेच्या हिशेबाच्या बैठकीत. दोन्ही वेळा ‘बघू’ असं उत्तर मिळालं. आता गणपती गेले, नवरात्र तोंडावर आलं, आणि परवा कळलं की यंदाच्या कार्तिकातल्या काकड्याला टाळकरी न बोलावता पेनड्राइव्हच लावायचं ठरलं आहे. म्हणून हे जाहीर लिहिते आहे. तुम्ही वाचावं, गावानं वाचावं, आणि ज्यांच्या गावात हेच झालं आहे त्यांनीही वाचावं.

दोन वर्षांपूर्वी देवळाच्या नगारखान्यात यंत्र बसलं. एक मोटार, तिच्या दांड्याला जोडलेले लोखंडी हात, खाली एक बसका नगारा, बाजूला झांजा आणि घंटा. वीज आली की सगळं एकदम वाजायला लागतं. भिंतीवर टायमर लावलेला असल्यानं बटण दाबायलाही कुणी लागत नाही. पहाटे ५, दुपारी १२, संध्याकाळी ७, रात्री ९. ज्यानं ही देणगी दिली त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मुंबईत राबून मिळवलेल्या पैशातून त्यानं देवाला काहीतरी दिलं, त्याचा मान मी ठेवते. तुमची अडचणही मला ठाऊक आहे. गुरवकाकांचं वय झालं, त्यांचा धाकटा एमआयडीसीत पाळीवर जातो, एखाद्या दिवशी नगारा चुकायचा आणि बोलणी तुम्हाला बसायची. यंत्र चुकत नाही, असं तुम्ही बैठकीत म्हणालात. खरं आहे. ज्या दिवशी चुकायला हवं होतं त्या दिवशीही ते चुकलं नाही.

माघातली ती रात्र तुमच्यातल्या निम्म्यांनी आमच्या अंगणात बसून काढली आहे, तरी गावासाठी सांगते. मामंजी रात्री दोनला गेले. माझी नणंद मुंबईहून निघाली होती, ती येईपर्यंत उचलायचं नाही असं ठरलं. सोप्यात मामंजींना ठेवलं होतं, उशाशी दिवा होता, भजनी मंडळातली चार म्हातारी माणसं टाळ मांडीवर ठेवून हळू आवाजात नामस्मरण करत होती. आणि पाच वाजता देवळातून ते सुरू झालं. धाड धाड धाड, वर घंटा, वर झांजा. आमच्या घरापासून देऊळ किती लांब आहे? मधे एक बोळ. सात मिनिटं ते वाजत होतं. भजन थांबलं, माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

आपल्या गावात मयत असलं की प्रेत उचलेपर्यंत देवाला नैवेद्य नाही आणि नगारा नाही. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, लिहायची गरज पडली नव्हती. गुरवकाका रात्री तीनपासून आमच्या दारात बसलेले होते. नगारा त्यांच्या हातात असता तर तो वाजलाच नसता. ते धावत गेले, पण टायमरच्या पेटीला कुलूप, किल्ली एका विश्वस्तांकडं आणि ते परगावी. दुपारी बाराला नणंद पोचली, तिनं बापाच्या पायावर डोकं ठेवलं, आणि पुन्हा तेच. नणंदेनं मला विचारलं, “वयनी, आज कसला उत्सव हाय का गं?” तिला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

हा माझा स्वतःचा घाव आहे आणि तो मी लपवत नाही. पण एवढ्यासाठीच पत्र लिहिलं असतं तर किल्ली दारात टांगून ठेवा एवढं म्हणून मी थांबले असते. गोष्ट त्याहून मोठी आहे.

मी या गावात सून म्हणून आले त्याला ३४ वर्षं झाली. पहिल्या महिन्यात मला घड्याळ लागत नव्हतं, कारण आत्याबाईंनी सगळं घर नगाऱ्यावर लावलेलं होतं. तांबडं फुटताना गुरवकाकांची पहिली टिपरी पडायची. पहाटेचा ठेका सावकाश, एकेक ठोका मोकळा सोडलेला, मग हळूहळू दाट होत जाणारा. झोपलेल्या माणसाला दचकवायचं नाही, उठवायचं, असा. त्या ठेक्यावर चूल पेटायची, गोठ्यात बादली खडखडायची. दुपारी नैवेद्याचे थोडेच ठोके आणि घंटा, म्हणजे शेतावर भाकरी न्यायची वेळ. संध्याकाळी धुपारतीचा नगारा जलद, त्यात शंख, झांजा आणि पोरांचा दंगा. आणि रात्री शेजारतीला नगारा जेमतेम, हात नुसता चामड्यावर ठेवल्यासारखा. देव निजायचा असतो तेव्हा जोरात वाजवत नाहीत, असं काकांनी एकदा माझ्या लेकीला सांगितलं होतं. ती तेव्हा सहा वर्षांची होती. त्यानंतर कित्येक दिवस ती रात्री दार लोटतानाही जपून लोटायची.

यंत्राला पहाट आणि रात्र सारखीच. पाचलाही धाड धाड, नऊलाही धाड धाड. आत्याबाई आता ८४ वर्षांच्या आहेत. डोळ्यांनी दिसणं पाच वर्षांपूर्वी जवळजवळ थांबलं. तेव्हापासून यंत्र येईपर्यंत त्यांचा दिवस कानावर चालला होता. नगारा ऐकून त्या सांगायच्या, आज काका आजारी दिसतात, आज धाकट्यानं वाजवलं, आज पौर्णिमा आहे म्हणून दोन आवर्तनं जास्त घेतली. आता त्या दुपारी झोपेतून उठल्या आणि यंत्र वाजलं की विचारतात, “पहाट का रातीचं?” दिवसातून चार वेळा मला हे सांगावं लागतं. तुमच्यापैकी कुणी येऊन एक दिवस त्यांच्याजवळ बसावं, ही माझी खरोखरची विनंती आहे.

याच आत्याबाई जात्यावर बसल्या की ओव्यांवर ओव्या सांगायच्या. भावाच्या, लेकीच्या, पंढरीच्या, या भैरवनाथाच्या. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यातून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या, हे मी वाचलं तेव्हा मला वाटलं आपणही आत्याबाईंच्या उतरवून घ्याव्यात. वही घेऊन बसले. त्यांना एकही आठवेना. म्हणाल्या, “खुट्ट्याला हात लागल्याबिगर ती येत न्हाई.” मग माळ्यावरचं जातं खाली काढलं, मूठभर ज्वारी घातली, त्यांचा हात खुंट्यावर ठेवला. चौथ्या फेऱ्याला पहिली ओवी आली. त्या दिवशी बावीस लिहून घेतल्या.

विश्वस्त मंडळींनो, तुमच्या बैठकीत ‘आवाज तर तोच आहे ना’ असं कुणीतरी म्हणालं. मी सांगते ते ऐका. हे गाणं-वाजवणं कामात असतं, हातात असतं, वेळेत असतं. आपल्याकडं हळद फोडताना गाणं आहे, लग्नाआधी घाणा भरताना आहे, बारशाला पाळणा आहे, हादग्याला फेर आहे, आणि माणूस गेलं तर त्याला पोचवायलाही टाळ-मृदंग आहे. माझी गाय मी गुणगुणले नाही तर पान्हा चोरते. यातलं कुठलंही गाणं कुणी ‘ऐकायला’ केलेलं नाही. ज्याचं ते काम, त्यानं ते करताना म्हणायचं. हात काढून घेतला आणि आवाज ठेवला, तर आत्याबाईंच्या ओव्यांसारखं होतं. एका पिढीनंतर कुणालाच काही आठवणार नाही.

आता काकड्याबद्दल. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर आपल्या देवळात पहाटे काकडा होतो. नव्या मुलांना माहीत नसेल म्हणून लिहिते: काकडा म्हणजे कापडाचा पीळ घातलेला, तुपात भिजवलेला पलिता, त्यानं देवाला ओवाळायचं. आणि त्याच्या मागं पुढं तास-दीड तास भजन. आधी भूपाळ्या, मग आरती, मग वासुदेव, जोगी, आंधळा, पांगळा, बहिरा, मुका अशी संतांची रूपकं, मग गौळणी. एकनाथांनी, तुकोबांनी, ज्ञानोबांनी रस्त्यावरच्या भिक्षेकऱ्याच्या तोंडी परमार्थ घातला, तो आपल्याकडं लिहितावाचता न येणाऱ्या माणसांना पाठ होता. शाळेत कधी न गेलेला धनगरवाड्यावरचा एक म्हातारा ‘पांगळा’ म्हणायला उभा राहिला की सभामंडपात कुणी हलत नसे. तो हे कुठं शिकला? तिथंच, थंडीत, बापाच्या घोंगडीत बसून.

भजन एकट्याचं नसतं. विणेकरी चरण देतो, बाकीचे धृपद उचलतात. पखवाजवाला चालीकडं बघून ठेका बदलतो. एखादा चुकला तर शेजारचा टाळ जरा जोरात वाजवून त्याला जागेवर आणतो. दहा वर्षांचं पोर मागं बसून महिनाभर नुसते टाळ धरतं आणि पुढच्या वर्षी एक अभंग म्हणतं. गेल्या वर्षी तुम्ही आरतीपुरतं भजन ठेवलं आणि बाकी पेनड्राइव्ह लावला. पहिल्या आठवड्यात माणसं आली, तिसऱ्या आठवड्यात मी मोजली, सात. पोर एकही नाही. रेकॉर्डवरचा गायक फार मोठा आहे, त्याचा गळा सोन्याचा आहे. पण त्याचं धृपद उचललं तरी तो पुढच्या चरणाला आपल्यासाठी थांबत नाही.

महिला भजनी मंडळाचा विषय मला टाळता आला असता, पण टाळत नाही. एकादशीला दुपारी आम्ही पंधराजणी बसतो. आषाढात आम्हाला निरोप आला की भजन अर्ध्या तासात आवरा, आणि निरोप आणणाऱ्यानं वर सांगितलं की बायका बेसूर गातात, त्यापेक्षा स्पीकर बरा. आमच्यातल्या दोघींच्या गळ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. एकीला नवऱ्याच्या मागं दोन वर्षं तोंडातून शब्द फुटत नव्हता, ती पहिल्यांदा बोलली ती त्या भजनात, रूपाच्या अभंगाचं धृपद धरताना. सूर कमीजास्त असेल, शिकवणारा मिळाला तर आम्ही शिकू. पण देवापुढं कुणी गावं याची परीक्षा विश्वस्तांनी कधीपासून घ्यायला सुरुवात केली?

आणि गुरवांची तीन घरं. बारा बलुतेदारांतलं हे घराणं पिढ्यानपिढ्या पाळीनं नाथाची पूजा आणि वाजवणं सांभाळत आलं. सुगीला खळ्यावर त्यांचं बलुतं निघायचं, ते बंद होऊन आम्हा सगळ्यांनाच तीस वर्षं झाली. त्यात दोष एकट्या तुमचा नाही, माझ्या घराचाही आहे. देवस्थान त्यांना महिन्याला मानधन देत होतं. यंत्र आल्यावर ‘काम कमी झालं’ म्हणून ते निम्मं केलं. जुना तांब्याचा नगारा आज कोठीत पालथा पडला आहे, फरशीच्या कामातून उरलेल्या सिमेंटच्या पोत्यांखाली. मी स्वतः बघितला. पावसाळ्यात चामडं सैल पडलं की काका तो शेगडीच्या धगीवर शेकायचे, बोटानं टिचकी मारून कान लावायचे. गेल्या दोन पावसाळ्यांत त्याला कुणी धग दाखवलेली नाही.

आम्ही अंगणवाडी सेविका एकदा पुण्याला गेलो होतो, तेव्हा शनिवारवाडा पाहिला. १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला, पण दिल्ली दरवाजावरचा नगारखाना अजून उभा आहे. वर जाऊन लोक फोटो काढतात. तिथं वाजवणारं कुणी उरलं नाही, कारण ज्याच्यासाठी वाजवायचं ते राज्यच राहिलं नाही. आपला नाथ आहे, गाव आहे, गुरवाचं घरही आहे. आपला नगारखाना तसा रिकामा करायचं काय कारण?

कायद्याचं बोलते, कारण बैठकीत तो माझ्यापुढं केला गेला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि नंतरच्या दुरुस्तीनं वाद्यांनाही ते लागू झालं. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, ही मर्यादा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. मला हे सगळं मान्य आहे. शाळेची मुलं, दवाखान्यातून आलेली माणसं, रात्रपाळी करून झोपलेली माणसं या गावात आहेत. पण मग पाच वाजता वाजणारं यंत्र आणि शिखरावरचे चार कर्णे कुठल्या नियमात बसतात? सभामंडपाची दारं लोटून टाळांवर म्हटलेला काकडा कुणाची झोप मोडत नाही. आणि पहाटेचा नगारा सहाच्या पुढं घेतला तर गुरवकाकांचीच जुनी वेळ होते, कारण ते घड्याळ बघून वाजवत नव्हते, उजाडताना वाजवत होते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

यंत्र बंद करा. देणगीदाराची पाटी तिथंच राहू द्या, आणि त्याला विचारून त्याच्याच नावानं नगारा वाजवणाऱ्यांच्या मानधनाची सोय करता येते का ते बघा. ते एकदम जमत नसेल तर नवरात्रापासून निदान सकाळ आणि धुपारती हातानं होऊ द्या. ज्या दिवशी वाजवायला कुणीच नसेल त्या दिवशी नुसती घंटा वाजवावी. नगारा चुकला म्हणून गावानं विश्वस्तांना बोल लावू नये, हे मी गावालाही सांगते.

मयत असेल तर प्रेत उचलेपर्यंत देवळात वाजवणं होणार नाही, हा ठराव लिहून घ्या.

कार्तिकातला काकडा संपूर्ण महिना माणसांनी म्हणायचा. पेनड्राइव्ह नको, बाहेरचा कर्णा नको. पहाटेच्या चहाची जबाबदारी देवळामागच्या आळीतल्या बायकांनी घेतली आहे, सगळ्या महिन्याची.

गुरव घरांचं मानधन पूर्ववत करा आणि वाढवायचं किती ते ग्रामसभेत सर्वांसमोर ठरवा. देवस्थान सार्वजनिक न्यास आहे, १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदलेलं आहे, हिशेब तुम्ही दरवर्षी देता आणि चोख देता. त्याच हिशेबात ही ओळ आली पाहिजे. काकांकडं शिकायला पाच मुलं आणि तीन मुली तयार आहेत, त्यांच्या आईबापांशी मी बोलले आहे. मुलींनी नगाऱ्याला हात लावायचा का, यावर तुमच्यात मतं वेगळी असतील. काकांचं मत मी विचारलं. ते म्हणाले, “टिपरीला कसलं पोरगं आन् पोरगी.”

एकादशीचं महिलांचं भजन पूर्वीसारखं दोन तास चालेल. त्याबद्दल आम्हाला कुणाचा निरोप नको.

कोठीतला नगारा काढून, साफ करून, नवं चामडं चढवून घ्यायचं आहे. चामडं चढवणारा कारागीर तालुक्याला आहे, त्यानं बघून साडेसहा हजार सांगितले. त्यातले दोन हजार मी आजच काकांकडं दिले आहेत, मामंजींच्या नावानं. चामडं चढवून वाळायला पंधरा दिवस लागतात, त्यामुळं कोजागरीच्या पहाटे तो वाजायचा असेल तर येत्या सोमवारच्या आत तालुक्याला न्यायला हवा. कोठीची किल्ली तुमच्याकडं आहे. ट्रॅक्टर माझ्या मुलाचा आहे, रविवारी सकाळी आठ वाजता तो देवळापुढं उभा असेल.

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं.

आपली,
देवळामागच्या आळीतली अंगणवाडी सेविका